मुदतीचा शब्द

दिलेल्या शब्दाला मुदत असावी काय?

अमेरिकेतील युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेकजवळच्या पाणथळीतून ‘लेगसी पार्कवे’ नावाचा हमरस्ता जातो. लेगसी म्हणजे वारसा. पाखरांच्या या विसाव्यासाठी निसर्गप्रेमी न्यायालयात गेले, आणि २००१ साली काम थांबले. २००५ साली तडजोड झाली : ट्रकना मज्जाव, वेग ताशी ५५ मैलांपर्यंतच. २००८ साली रस्ता खुला झाला. लगत पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांसाठी वाटही झाली.

पण तडजोडीला मुदत होती. २०२० उजाडले, ट्रक आले, वेगमर्यादा वाढली. शब्द कोणी मोडला नाही. तो नुसता संपला!

पाखरांना ही तारीख कोण कळवणार? ती दर हंगामात त्याच भरवशाने उतरतात. ज्याला करार वाचता येत नाही, त्याला दिलेला शब्द कागदावर संपला म्हणून आपण मोकळे होतो काय? मला तसे वाटत नाही. मोटारीतल्या माणसाला मात्र हा प्रश्न पडणे कठीण. काचेबाहेर त्याला नुसता हिरवा पट्टा दिसतो. वाटेवरून चालणाऱ्याला पाण्यात निश्चल उभा असलेला बगळा दिसतो, आणि आपण त्याचे काही देणे लागतो, हे आठवते.