फावल्या वेळाचें मोल

मनुष्याच्या नित्याच्या बोलण्यांत कांहीं शब्द असे असतात कीं, ते वस्तूचें वर्णन करतात असें वाटतें, पण वस्तुतः ते तिचा निवाडा करीत असतात. ‘फावला वेळ’ हा त्यांपैकींच एक शब्द होय. घरांतली एखादी स्त्री लोकर आणि सुया घेऊन बसली म्हणजे ‘ती फावल्या वेळांत विणते’ असें आपण सहज बोलून जातों. वाक्य दिसावयास अगदीं निरुपद्रवी आहे. परंतु त्याच्या पोटांत एक निर्णय दडलेला असतो. तो असा कीं, ह्या वेळाला एरवीं कांहीं मोल नव्हतें, आणि म्हणून त्या वेळांत जें निर्माण झालें त्याचेंही वेगळें मोल धरण्याचें कारण नाहीं. हा निर्णय न्याय्य आहे काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें आम्हांस करावयाचा आहे.

नीतीचे प्रश्न हवेंत सोडवूं जातां ते सुटल्यासारखे वाटतात, पण सुटत नाहींत. म्हणून ह्या प्रश्नाला एका प्रत्यक्ष लोकसमाजाचा आधार घेऊं. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नांवाचा द्वीपसमूह आहे. तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या लोकरीचें विणकाम करीत आल्या आहेत. आणि त्या विणकामाची किंमत त्यांना कशी मिळते, ह्याची गेल्याच्या मागील शतकांत सरकारी चौकशी झाली असल्यामुळें त्यांचें म्हणणें कागदोपत्रीं शिल्लक राहिलें आहे. घरांत बसून काम करणाऱ्या स्त्रियांच्या वांट्याला असें भाग्य क्वचितच येतें.

हीं बेटें सुमारें ६० उत्तर अक्षांशावर आहेत. त्यांतील मुख्य गांव लरविक. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत तेथें सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि तीन वाजण्यापूर्वीं मावळतो. दिवस सहा तासांचाही भरत नाहीं. झाडें जवळजवळ नाहींत, त्यामुळें सरपण नाहीं. दलदलीच्या जमिनींतून कापून उन्हाळ्यांत वाळविलेलें पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची ती काळी माती, हेंच पूर्वीं तेथलें जळण असे. समुद्रावरून सारखा येणारा वारा, ओल आणि अंधार ह्यांनीं वर्षाचा मोठा भाग व्यापलेला. पुरुष मासेमारीस, देवमाशांच्या शिकारीस किंवा व्यापारी जहाजांवर गेलेले. घर, गोठा आणि जमिनीचा लहानसा तुकडा हीं बहुतेक स्त्रियांच्याच हातीं असत.

एकोणिसाव्या शतकांतील अशा घरचा हिंवाळी दिवस डोळ्यांपुढें आणावा. अंधारांतच उठून विस्तव फुलवावयाचा, गाईचें वैरण-पाणी पाहावयाचें, विहिरीवरून पाणी आणावयाचें, मुलांना खाऊं घालावयाचें. जळण संपलें कीं पाठीवर करंडी बांधून पीटच्या ढिगापर्यंत चालत जावयाचें. ह्या सर्व कामांच्या फटींफटींतून विणणें चाले. ‘फटींतून’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. पाठीवर पीटची करंडी आणि हातांत सुया अशा स्थितींत वाट चालणाऱ्या स्त्रियांचीं छायाचित्रें आजही पाहावयास मिळतात. त्यांच्या कमरेला चामड्याचा पट्टा असे. त्यावर घोड्याच्या केसांनीं भरलेली, भोकें पाडलेली एक लहानशी गादी असे. एका सुईचें टोंक तींत रोंवलें कीं ती सुई स्थिर राही आणि उजव्या हाताला वेग येई. उभ्यानें, चालतांना, बोलतांना काम सुरू राहावें म्हणूनच ही युक्ति निघाली होती. तेथील बोलींत विणण्याला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ नुसता ‘घडविणें’ असा आहे, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

रात्रीं माशांच्या तेलाच्या मिणमिणत्या दिव्याभोंवतीं बायका जमत; कोणी लोकर पिंजीत, कोणी कांतीत, कोणी विणीत; गोष्टी चालत. साधे मोजे अंधुक प्रकाशांतही होत, कारण तेथें बोटेंच पाहण्याचें काम करीत. परंतु अन्स्ट बेटावरील स्त्रिया ज्या जाळीदार शाली विणीत, त्यांना डोळा आणि प्रकाश दोन्ही लागत. त्यांसाठीं मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर हातानें उपटून घेत, आणि तिचा इतका बारीक धागा कांतीत कीं, पुरी शाल लग्नाच्या अंगठींतून ओढून काढतां येई.

येथपर्यंतचें चित्र वाचून वाचकांच्या मनांत एक प्रकारचा आदर, कदाचित्‌ थोडा हेवाही, उत्पन्न होईल. आणि तो अस्थानीं नाहीं. हाताला वळण लागलें म्हणजे मन मोकळें होतें, आणि तें मोकळें होऊनही भरकटत नाहीं, हा अशा कामांचा मोठा गुण आहे. जात्यावर बसलेल्या आपल्या आयाआज्यांना ओव्या सुचल्या त्या ह्याच अवस्थेंत. शिवाय विणकामांत एक प्रकारचा सच्चेपणा आहे. टाका चुकला तर तेथपर्यंत उसवून मागें यावें लागतें. तेथें वक्तृत्वाचा उपयोग होत नाहीं. दीर्घ हिंवाळ्यांत, जेव्हां बाहेरचें जग जवळजवळ मिटून गेलेलें असतें, तेव्हां रोज चार बोटें वाढणारें वस्त्र हें मनुष्याला काळ पुढें सरकत असल्याची साक्ष देतें. हें सुख कल्पित नव्हे. ज्यांनीं कोणतेंही काम मनापासून केलें आहे त्यांस त्याचा अनुभव असेल.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू १८७२ सालीं उजेडांत आली. मजुरी रोख न देतां मालाच्या रूपानें देण्याची जी पद्धति होती तिची चौकशी करण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें विल्यम गथ्री ह्यांना शेटलंडांत पाठविलें. त्यांनीं त्या वर्षाच्या आरंभीं, भर हिंवाळ्यांत, लरविक येथें साक्षी घेतल्या. अनेक विणकरणी पुढें आल्या. त्यांच्या सांगण्याचें सार असें होतें : शाल किंवा मोजे दुकानदाराकडे नेले तर पैसा मिळत नाहीं, चहा मिळतो, सुती कापड मिळतें, फिती मिळतात. लगेच कांहीं नको असल्यास ‘लाईन’ नांवाची चिठ्ठी मिळते, आणि तीही त्याच दुकानीं मालासाठींच चालते. घरीं पाहिजे असे पीठ, द्यावें लागे भाडें, आणि पदरीं पडे चहा. मग तोच चहा शेजारीपाजारीं देऊन त्याच्या बदल्यांत पीठ मिळवावें लागे. व्यापाऱ्यांचेंही म्हणणें नोंदलें गेलें. विणलेल्या मालावर आम्हांस फारसा नफा नाहीं, नफा काय तो बदल्यांत दिलेल्या वस्तूंवर. रोख द्यावयाचे झाल्यास दर उतरवावा लागेल, असा त्यांचा हिशेब होता.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे कीं, कोळशाच्या खाणींतल्या मजुराला असा चहा देऊन वाटेस लावणें बेकायदेशीर आहे, हें इंग्लंडांत १८३१ च्या कायद्यानेंच ठरलें होतें. विणकरणीच्या बाबतींत तेंच चाळीस वर्षें खपून कसें गेलें? आमच्या मतें ह्याचें एक मोठें कारण त्या ‘फावल्या वेळा’च्या कल्पनेंत आहे. ती घरींच असते, विस्तवाजवळ बसलेली असते, तिचे हात एरवीं रिकामेच राहिले असते. मग जें मिळालें तें वरकडच नव्हे काय? असा हा युक्तिवाद आहे, आणि तो शेटलंडपुरता मर्यादित नाहीं. त्याचीं तीन रूपें आढळतात. तीं एकेक करून तपासूं.

पहिलें रूप असें : ‘तो वेळ नाहीं तरी वायांच गेला असता.’ ज्याला आपण वायां जाणें म्हणतों त्याला इतर लोकांच्या बाबतींत आपण विश्रांति म्हणतों. वकील कचेरींतून परत आल्यावर आरामखुर्चींत पडला तर त्याचा तो वेळ वायां गेला असें कोणी म्हणत नाहीं. उलट त्यानें त्या वेळांत एखादी मसलत दिली तर तिची फी अधिक होते. विणकरणीनें दिवसभर ओझीं वाहून झाल्यावर रात्रीचा जो प्रहर सुयांना दिला तो तिच्या विश्रांतींतून कापून दिला होता. रिकामा घडा ओतला असें म्हणण्यापूर्वीं तो रिकामा होता काय हें पाहिलें पाहिजे.

दुसरें रूप अधिक सभ्य आहे : ‘त्या कामांतला आनंद हाच त्याचा मोबदला.’ आनंद होता हें आम्हीं वर मान्यच केलें आहे. परंतु प्राध्यापकालाही शिकविण्यांत आनंद असतो, आणि तरी महिनाअखेरीस तो वेतन घेतो. त्याच्या आनंदाची रक्कम त्यांतून वजा करावी असें कोणत्याही संस्थेच्या चालकांनीं अद्याप सुचविलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. आपल्याकडे ह्या ठिकाणीं निष्काम कर्माचा आधार घेण्याचा मोह होतो. पण निष्कामता हें व्रत आहे, आणि व्रत ज्यानें त्यानें आपल्यापुरतें घ्यावयाचें असतें. फळाची इच्छा मीं सोडली, हा माझा धर्म होऊं शकेल. तूं सोड, आणि तें फळ मला दे, हा धर्म नव्हे.

तिसरें रूप म्हणजे, ‘घरच्यांसाठीं केलेल्या कामाचा हिशेब काय मांडावयाचा?’ हा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याला टोलवाटोलवीचें उत्तर देऊं नये. नातवासाठीं विणलेल्या टोपीची किंमत जी आजी मागेल ती आजी राहणार नाहीं, हें खरें. सर्व मायेला बाजाराचा गज लावूं लागलों तर मनुष्य श्रीमंत न होतां दरिद्रीच होईल. मग आमचें म्हणणें काय? तें इतकेंच कीं, दान देण्यापूर्वीं वस्तु आपली असावी लागते. जी वस्तु माझी नाहीं ती मीं दिली असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. वेळाचेंही तसेंच आहे. ज्या स्त्रीचा वेळ तिचा स्वतःचा, मोलाचा, आणि तिनें नाहीं म्हटलें असतां तिच्यापाशींच राहणारा असा सर्वांनीं मानला आहे, तिनेंच तो दिला असतां तें दान होतें. जिचा वेळ मुळींच रिकामा ठरविला आहे तिच्याकडून तो नुसता घेतला जातो. आणि घेणाऱ्यानें त्याला माया म्हटलें म्हणून त्याचें दान होत नाहीं. मोल मान्य करणें म्हणजे प्रत्येक गोष्ट विकणें नव्हे. उलट मोल मान्य झाल्यावांचून फुकट देण्याचा मोठेपणाही कोणाला मिळत नाहीं.

इतिहासानें ह्या गोष्टीची एका कठोर रीतीनें साक्ष दिली आहे. २० जुलै १८८१ च्या रात्रीं येल बेटावरील ग्लूप गांवाच्या कोळ्यांना वादळानें गांठलें. १० होड्या आणि ५८ पुरुष परत आले नाहींत. त्यानंतरच्या हिंवाळ्यांत त्या किनाऱ्यावरील घरांतून ज्या सुया चालल्या त्यांना फावल्या वेळाचा विरंगुळा म्हणण्याचें धैर्य कोणास होईल? आणि त्या सुया तर त्याच होत्या, बोटेंही तींच होतीं.

१८८७ सालीं कायद्यांत सुधारणा झाली. घरच्या घरीं विणलेला अल्प किंमतीचा लोकरी माल विकणाऱ्या व्यक्तीला ह्या बाबतींत कामगारच समजावें, आणि दुकानदारानें तिला रोख पैसे द्यावेत, असें त्यांत लिहिलें गेलें. प्रत्यक्षांत मालाची देवघेव त्यानंतरही बरींच वर्षें चालू राहिली. परंतु जिला पूर्वीं कायद्याच्या भाषेंत नांवच नव्हतें, तिला नांव मिळालें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत उत्तर समुद्रांतील तेलामुळें बेटांवर बऱ्या पगाराचीं दुसरीं कामें निघालीं, आणि पुष्कळ स्त्रियांनीं विक्रीसाठीं विणणें सोडून दिलें. पिठाची गिरणी आल्यावर आपल्या बायकांनीं जातें सोडलें तसेंच हें झालें. केवळ आनंदासाठीं त्या विणीत होत्या असें म्हणणारांनीं ह्या गोष्टीचा विचार करावा. पण त्याचबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, विणकाम तेथून नाहीसें झालें नाहीं. अजूनही तेथें शाली विणल्या जातात, मुलांना नमुने शिकविले जातात, आणि २०१० पासून लोकरीचा वार्षिक सप्ताह भरतो. पोटासाठीं विणण्याची सक्ति ओसरल्यावरही जें उरलें तेंच खरोखर प्रेमाचें होतें. आणि तें किती आहे हें सक्ति असेपर्यंत कोणासही, कदाचित्‌ त्या स्त्रियांनाही, कळण्याचा मार्ग नव्हता.

आपल्याकडे सुयांवरचें विणकाम पाश्चात्यांबरोबर आलें, मुलींच्या शाळांतून शिकविलें गेलें, आणि मध्यम वर्गाच्या घरांत स्वेटर-मोज्यांच्या रूपानें रुजलें. त्याबरोबर ‘फावला वेळ’ ही कल्पना मात्र बाहेरून आणावी लागली नाहीं. ती येथें आधींच होती, गोधडीच्या टाक्यांत होती, पापड-कुरडयांत होती. विणणारीला रोजंदारी द्यावी असें आम्ही सुचवीत नाहीं. आमची सूचना फार लहान आहे. ती सुया घेऊन बसलेली असतां ‘तुला सध्यां कांहीं काम नाहींच, तर एवढें कर’ असें म्हणण्याची जी आपली संवय आहे, ती टाकावी, आणि ‘तुला वेळ आहे काय?’ असें विचारावें. ह्या प्रश्नाला ‘नाहीं’ असें उत्तर येऊं शकतें, आणि तें ऐकून घेण्याची तयारी असावी लागते. ती तयारी ज्या घरांत आहे तेथें विणलेलें वस्त्र अंगावर घालतांना तें देणारीचें देणें आहे असें निःशंकपणें म्हणतां येईल.