शीण आणि कळ

तबला शिकणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे मनगट दुखू लागले, एक्स-रेत काही दिसले नाही, रक्ताचे रिपोर्टही नॉर्मल आले, की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. मोबाइल फार झाला, ही एक. आणि हल्लीच्या मुलांना जरा म्हणून सहन होत नाही, ही दुसरी. मोबाइलवर खापर फोडणाऱ्यांना एवढेच विचारावे, की वर्षभर हातात असलेल्या मोबाइलने हात परीक्षेच्या तोंडावरच का दुखावा? दुसरे मत मात्र असे एका वाक्यात सोडून देता येत नाही. ते परंपरेच्या नावाने बोलते, शिक्षकांच्या तोंडी असते, आणि मुलगा ते खरे मानून दुखरा हात तसाच रेटत राहतो.

या मताचा सगळा भार पूर्वीच्या रियाजावर आहे. बारा-बारा तासांच्या बैठका, चाळीस दिवसांचा चिल्ला, डुलकी लागू नये म्हणून छताला बांधलेले केस. या कथा खऱ्या आहेत असे धरून चालू. त्यांतून सिद्ध काय होते? ज्यांचे हात टिकले त्यांचे टिकले, एवढेच. ज्याचा हात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गेला, तो गुपचूप घरच्या दुकानात जाऊन बसला. त्याला शिष्य नाहीत आणि घराण्याच्या इतिहासात त्याचे नाव नाही. रॉबर्ट शुमानचा उजवा हात विशीतच पियानोला पारखा झाला, हे आज ठाऊक आहे ते तो थोर रचनाकार झाला म्हणून. शिवाय त्या बारा तासांत होते काय, हेही कोणी सांगत नाही. त्यात वाद्य मिळवणे होते, गुरूचे ऐकत बसणे होते, पढंत होती, एकच कायदा विलंबित लयीत घोळवणे होते. आणि लहानपणापासून हात वाढत गेला तसतसे तास वाढत गेले होते. आजचा विद्यार्थी शाळा आणि क्लास सांभाळून दिवसाला जेमतेम अर्धा तास बसतो, आणि मध्यमा किंवा विशारद जवळ आली की एकदम चार तासांवर उडी मारतो, तीही द्रुत लयीत. त्याचे तास आजोबांच्या पिढीपेक्षा कमी असतील, पण हाताला जाच होतो तो या उडीचा. आणि सोशिकपणाचाच मुद्दा असेल तर १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ४८ व्यावसायिक वाद्यवृंदांची जी पाहणी झाली ती पाहावी. उत्तरे देणाऱ्या २,२१२ वादकांपैकी ७६ टक्क्यांनी वादनावर परिणाम होईल इतकी गंभीर अशी किमान एक तरी शारीरिक तक्रार सांगितली होती. त्या सगळ्याच तक्रारी हातांच्या नव्हत्या, हे खरे. पण ही माणसे अनेक चाळण्यांतून पार पडून तिथवर पोचलेली होती. त्यांना नाजूक कसे म्हणायचे?

मग रिपोर्टमध्ये काही का येत नाही? एक्स-रे हाडे दाखवतो. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू असतात कोपराखाली. तिथून निघालेल्या शिरा, म्हणजे कंडरा, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. तळहाताच्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. त्यातही तपासला जातो तो रिकामा हात, टेबलावर उताणा ठेवलेला. दायाँवर ‘ना’ वाजताना तर्जनी किनारीवर आपटते आणि त्याच क्षणी अनामिका शाईच्या कडेशी दबलेली ठेवावी लागते. म्हणजे एक बोट मारते आहे आणि दुसरे थोपवून धरले आहे. डाव्या हाताची टाच बायाँच्या पुडीवर दाबून सरकते आणि मनगट मागे मोडलेले राहते. ‘धिरधिर’ची लय चढली की खांदा कानाकडे जातो, अंगठा ताठरतो. दुखण्याचे मूळ या हालचालींत असेल तर त्या पाहिल्याशिवाय ते सापडणार कसे? हात तबल्यावर कोणी पाहिलेलाच नसताना ‘कारण कळत नाही’ असा शेरा मारणे मला घाईचे वाटते.

रियाजात काही सोसावे लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. सतारीच्या तारेने बोटाला चीर पडते आणि पुढे तिथे घट्टा धरतो. त्यातून सुटका नाही. माझा सगळा आग्रह आपल्याच भाषेतल्या दोन शब्दांपुरता आहे: शीण आणि कळ. शीण हातभर पसरलेला असतो, दुखतो कुठे ते नेमके सांगता येत नाही, आणि रात्रीच्या झोपेने तो उतरतो. कळ बोट ठेवून दाखवता येते. ती ठरावीक बोलावर येते, आज वीस मिनिटांनी तर पुढच्या आठवड्यात पाच मिनिटांनी. मग तबला झाकून ठेवल्यावरही राहते, आणि एके सकाळी बादली उचलताना, कुकरचे झाकण काढताना, शर्टाचे बटण लावताना येते. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर हंटर फ्राय यांनी १९८०च्या दशकात वादकांच्या दुखण्याच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्याही अशाच, वाजवताना एका जागी दुखण्यापासून हात रोजच्या कामातून जाण्यापर्यंत. मुंग्या आणि बधिरपणा या दोन्हींत बसत नाहीत. तिथे एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठावा. सीमारेषा नेहमीच इतकी स्वच्छ नसते, सांध्यांचे काही आजारही असेच चोरपावलांनी येतात. तरीही शीण सोसावा आणि कळ सोसू नये, एवढे शिकवले तरी पुष्कळ हात वाचतील असे मला ठामपणे वाटते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मुलांना अशी नाडी बघायला शिकवले तर ती भित्री होतील, आणि भीतीने दुखणे वाढतेच. वाढते, यात शंका नाही. पण ज्याला दुखण्यातला फरक कळत नाही तो प्रत्येक दुखण्याला भितो, किंवा एकालाही भीत नाही. आणि यातला दुसरा सगळ्यांत आधी हात गमावतो. कळ आली म्हणजे विद्या बंद, असेही नाही. पढंत कशासाठी आहे? रेला तोंडाने म्हणायचा, टाळी-खाली सावकाश धरायची, उरलेली दहा मिनिटे ठायीत वाजवायचे, परीक्षा पुढच्या खेपेला द्यायची. हे सांगण्याचा अधिकार विद्यार्थ्यापाशी नसतो, आई-वडिलांपाशीही फारसा नसतो. तो गुरूपाशी असतो. आणि अर्धी मात्रा सरकली तरी ज्याच्या कानाला खटकते, त्याला समोर बसलेल्या मुलाचा खांदा चढलेला दिसत नसेल, हे मला पटत नाही. त्याला तो दिसतो. लय सुटली तर तो हात थांबवायला लावतो, खांदा चढला तर लावत नाही.