वल्हं कुठं थांबवायचं

हिवाळ्यात भिगवणला गर्दी होते ती रोहित पक्ष्यांसाठी. उजनी धरणाच्या फुगवट्यावर त्यांचे थवे उतरतात, कुंभारगाव-डिकसळच्या काठावर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात आणि मच्छीमारांच्या होड्यांना उसंत मिळत नाही. पण रोहित इथं घर करत नाहीत. ते येतात, जेवतात, जातात. घर करणारे पक्षी लहान असतात, आणि त्यांचा हंगाम गर्दी ओसरल्यावर, ऐन उन्हाच्या कडाक्यात येतो.

मार्च-एप्रिलमध्ये धरणाचं पाणी उतरू लागतं. पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ हळूहळू वर येतं. तसेच माती-खड्यांचे उंचवटे वर येतात, चारी बाजूंनी पाणी असलेले. नदी सुरय नेमकी ही जागा हेरतो. काडी नाही, गवत नाही. जमिनीत जेमतेम एक खळगा आणि त्यात दोन-तीन अंडी, खड्यांच्याच रंगाची. शेजारी छोट्या आर्लीचीही अशीच वीण चाललेली असते. सगळा संसार उघड्यावर. छप्पर म्हणाल तर आई किंवा बाप, त्या वेळी जो कोणी अंड्यांवर असेल तो.

मे महिन्याच्या दुपारी त्या अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. म्हणून पक्षी त्यांच्यावर आडोसा धरून उभा राहतो. मधेच पाण्यावर जाऊन पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. माळावरची टिटवीही हेच करते. या कामाला सुटी नाही आणि बदली माणूस एकच.

अशा बेटाकडे आपली होडी निघते. गळ्यात दुर्बीण असते, मांडीवर मोठ्या लेन्सचा कॅमेरा. मनात वाईट काही नसतं. पक्ष्यांचं वेड आहे म्हणून तर अंधारात उठून आलेलो असतो. बेट अजून बरंच लांब असताना नावाडी वल्हं वर घेतो. होडी आपल्याच ओढीनं थोडी सरकते आणि थांबते.

"दादा, अजून थोडं पुढं घ्या ना."

हे वाक्य त्या पाण्यावर कोणी ना कोणी म्हणतंच. जाणता नावाडी मान हलवतो. "न्हाई. उठंल ती."

आपण पक्षी पाहत असतो, तो पक्ष्याची मान पाहत असतो. बसलेल्या पक्ष्यानं मान उंच केली की त्याला आपली चाहूल लागली. तो उठून उभा राहिला की आपण हद्दीशी आलो. तो उडाला आणि डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला की आपल्याला फोटो फार सुरेख मिळतात. खाली अंडी उन्हात असतात. कावळ्याला ती आता दिसतात. आपण आनंदानं परततो, आणि जे व्हायचं ते आपल्या पाठीमागं होतं.

आवाज केला नाही, म्हणजे त्रास दिला नाही, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, हे पाहायला जरा लांब जाऊ. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं मोठं तळं आहे. तिथं ग्रीब पक्षी वीण करतात. आपल्या गावतळ्यातल्या टिबुकलीचे ते थोरले भाऊबंद. त्यांचं घरटं पाण्यावर तरंगतं: लव्हाळ्याला अडकवलेला ओल्या पाणवनस्पतींचा ढीग. मोटारबोट जवळून वेगानं गेली की तिच्या लाटेनं अंडी पाण्यात जातात. त्या मानानं वल्ह्यानं चालणारी चिंचोळी कयाक बरी. तिला इंजिन नाही, तिची लाट उठत नाही, आणि वाटाड्या सोबत असला तर पाहणंही छान होतं. पण तिचा गुण तोच तिचा दोष. टिबुकली घरटं सोडताना अंड्यांवर ओला पाला ओढून जाते. त्याला क्षणभर सवड लागते. लव्हाळ्यातून कयाक एकाएकी समोर आली तर तेवढीही सवड उरत नाही. शिवाय मोटारबोट जिथं शिरू शकत नाही, त्या उथळ पाण्यात ही अलगद शिरते. म्हणून जाणता वाटाड्या उघड्या पाण्यातून जातो, लांबूनच पक्ष्याच्या नजरेला पडतो, आणि सरळ अंगावर न जाता तिरपा जातो. पाहायला जाणाऱ्यानं आधी स्वतः दिसावं.

याच तळ्यावर पूर्वी एक बारीक चिलट फार होतं. ते चावत नसे. पण मासे धरायला आणि सुटी घालवायला येणाऱ्यांना त्याचा वैताग होई. म्हणून १९४९ मध्ये तळ्यात डीडीडी हे कीटकनाशक सोडलं, सात कोटी भाग पाण्याला एक भाग इतकं थोडं. १९५४ आणि १९५७ मध्ये पुन्हा. ते सूक्ष्म जीवांतून माशांत आणि माशांतून ग्रीबमध्ये साठत गेलं. हजारांहून अधिक जोड्या होत्या, त्यांतल्या १९६० पर्यंत तीसेक उरल्या, आणि त्यांच्यामागं पिल्लं दिसेनात. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये ही हकिगत सांगितली. पुढं पक्षी परतले, हे नशीब. औषध सोडणारे कोणी दुष्ट नव्हते. त्यांना फक्त सुटी जरा सुखाची हवी होती. आपल्यालाही फोटो जरा जवळचाच हवा असतो.

उजनीच्या त्या बेटांना तसेही धोके पुष्कळ. पाणी फार उतरलं तर काठावरची कुत्री चालत पोचतात. अवेळी चढलं तर खळगे बुडतात. यातलं काही आपल्या हातात नाही. आपल्या हातात एक होडी आहे, तीही भाड्याची.

उन्हाळ्यात तिकडे गेलात तर होडीत पाय ठेवतानाच नावाड्याला सांगून टाका: लांबूनच दाखवा, पक्षी उठता कामा नये. त्याचं पोट या फेऱ्यांवर चालतं. जवळ नेणाऱ्याला बक्षिसी मिळते, थांबणाऱ्याला नाराजी, हे त्याला ठाऊक असतं. तेव्हा ज्यानं वल्हं लवकर वर घेतलं त्याला पैसे पुरते द्या, वर थोडे जास्त द्या, आणि पुढं जाणाऱ्या ओळखीच्यांना त्याच्याच होडीत बसायला सांगा.