धोक्याचा वाटा कोणाच्या पदरीं?

धोका काय तो कारखान्यांत, शेतांत मनुष्य निर्धास्त असतो, अशी समजूत आमच्या खेडेगांवांतील पुष्कळ लोकांची आहे. कर्जत तालुक्यांतील पोशीर व त्याच्या आसपासचीं गांवें घेतलीं, तर येथील लोक पोटासाठीं निरनिराळ्या दिशांस पांगलेले आढळतात. कोणी पावसाळ्यांत भात लावितो, कोणी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, कोणी खडीच्या क्रशरवर, आणि कोणी नेरळाहून आगगाडीनें अंबरनाथ-बदलापुराकडे अथवा दुसऱ्या वाटेनें खोपोलीकडील कारखान्यांत. मजुरी किती मिळते हें सर्वांस ठाऊक असतें. तिच्याबरोबर आणखी काय पदरांत पडतें, याचा हिशेब फारच थोडे करितात. तो करावा, आणि तो धोका न्यायानें कोणीं सोसावा याचा विचार करावा, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम शेताकडे पाहूं. खाचरांतील पाण्यांत उंदरांच्या मुतावाटे जे रोगजंतु येतात, ते भेगाळलेल्या पायांतून शरीरांत शिरतात. आरंभीं साधा ताप वाटतो, आणि पुढें कावीळ व मूत्रपिंडांचा नाश येथपर्यंत मजल जाते. यासच लेप्टो म्हणतात. कापणीच्या वेळीं पेंढ्यांखालीं घोणस किंवा फुरसें असतें तें निराळेंच. २००५ या एका वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें ४६,००० माणसें मेलीं, असा अंदाज शोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं होतीं. विंचवाविषयीं तर आमच्या रायगड जिल्ह्याचेंच उदाहरण आहे. महाडजवळ बिरवाडी येथील सरकारी दवाखान्यांत डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं रुजू झाले. लाल विंचू चावलेले लोक हृदय थकून व फुफ्फुसांत पाणी भरून मरतात, हें त्यांनीं रोग्याच्या खाटेशीं बसून पाहिलें. पुढें त्यांनीं प्राझोसिन नांवाचें रक्तदाबाचें औषध देण्यास आरंभ केला, आणि मरणारांची संख्या अतिशय खालीं आली. तें औषध आधींपासून दुकानांत होतें. शेतमजूर मरतो तो कसा मरतो, हें कोणीं तरी नीट पाहावयाचें राहिलें होतें.

कारखान्यांतील धोका दुसऱ्या जातीचा. प्रेसखालीं बोट सांपडतें, लोखंडाचा तापलेला रस अंगावर उडतो, रसायनाचा वायु सुटतो. परंतु हा धोका डोळ्यांना दिसतो, रक्त काढितो, व म्हणूनच त्याची दखल लवकर घेतली गेली. १९२३ सालीं मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला, त्यांत डोळा गेला तर काय, अंगठा गेला तर काय, याचें शेकडा प्रमाण ठरवून दिलें. पण कामापासून होणाऱ्या रोगांच्या यादींत शिसें, फॉस्फरस अशा पदार्थांचे मोजकेच रोग होते. तुटलेलें बोट टेबलावर ठेवतां येतें, झिजलेलें फुफ्फुस ठेवतां येत नाहीं!

आणि मारणारा धोका अधिक करून हाच न दिसणारा आहे. जागतिक मजूर संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें कीं, जगांत कामापायीं दर वर्षीं सुमारें २९ लाख माणसें मरतात. पैकीं २६ लाख रोगांनीं, व अपघातांनीं अवघीं ३ लाख ३० हजार. अपघाती मरणांतहि शेती, बांधकाम, वनकाम व मासेमारी, आणि कारखानदारी यांचाच भाग निम्म्याहून अधिक आहे. म्हणजे शेत निर्धास्त, ही समजूत तेथेंहि टिकत नाहीं. आपल्या डोळ्यांसमोरचा बोरघाट पाहा. १८५६ ते १८६३ या काळांत तेथें आगगाडीचा मार्ग खोदला गेला. सुरुंगाची व कड्यावरून पडण्याची भीति सर्वांस होती. परंतु सुरुंगापेक्षां पटकीनें व तापानें अधिक बळी घेतले.

क्रशरवरील धुळीचेंहि तसेंच. दगड फुटतांना जे अतिसूक्ष्म कण उडतात ते फुफ्फुसांत रुततात, तेथें वण पडतात, आणि दम हळूहळू कमी होतो. त्या वणांवर औषध नाहीं. क्षयाशीं लक्षणें जुळतात, शिवाय अशा फुफ्फुसांत क्षय लवकर शिरतो. म्हणून कित्येक मजूर क्षयाचीं औषधें पुनःपुन्हां घेतात, व त्यांचें दगडाचें काम कोणी विचारीत नाहीं. तोंडाला फडकें बांधून ही धूळ अडत नाहीं. दगडावर सतत पाणी मारिलें तर ती उडणेंच पुष्कळ कमी होतें. मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या धुळीनें छाती आवळत असे, आणि तीहि सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशीं विशेष. त्यामुळें मजूर आळशी आहे असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, यांत दोष कोणाचा? कित्येक धनी म्हणतात, "आम्ही कोणास जबरीनें आणिलें नाहीं, तो आपल्या खुशीनें आला." हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. खुशी म्हणावयाची तर धोका ठाऊक पाहिजे, आणि नाहीं म्हणण्याची मोकळीक पाहिजे. पावसाळ्यांत घरीं दाणा नसतांना ज्या कातकरी कुटुंबानें उचल घेतली, तें हंगामभर हजारी विटांच्या हिशेबानें ती फेडीत असतें. राखेनें व धुरानें खोकला लागला, किंवा विटा वाहून पाठ गेली, तरी तें भट्टी सोडून कोठें जाणार? मोशेच्या नियमशास्त्रांत मारक्या बैलाविषयीं जो निर्बंध आहे तो वाचकांस ठाऊकच आहे. बैल मारका आहे असें धन्यास पूर्वीं कळविलें असून त्यानें तो आवरला नाहीं, तर दोष धन्याचा. दगड फोडणाऱ्यांचीं फुफ्फुसें धुळीनें बिघडतात, हें इटलींतील वैद्य रामाझ्झिनी यानें १७०० सालींच लिहून ठेविलें आहे. तेव्हां हा बैल नवा नाहीं.

मात्र सर्वच धंद्यांस हा एकच नियम लावतां येणार नाहीं. आपल्याच दोन एकरांत राबणाऱ्या शेतकऱ्यास साप चावला, तर तो कोणा धन्याकडे भरपाई मागणार? तेथें देणें आपणां सर्वांचें आहे. जवळच्या दवाखान्यांत सर्पविषावरील लस आहे कीं नाहीं, हें गांवानें पावसाळ्यापूर्वींच विचारून ठेवावें. मांत्रिकाकडे गेलेला तास पुढें कोणतीच लस परत आणीत नाहीं.

तोच रामाझ्झिनी वैद्यांस सांगे कीं, रोग्यास इतर प्रश्नांबरोबर "तुझा धंदा काय?" हेंहि विचारावें. आजाऱ्यांस भेटावयास जाणाऱ्या आमच्या बंधूंनींहि तें विचारावें, आणि ज्यास लिहितां येत नाहीं त्याच्यासाठीं एका वहींत लिहून ठेवावें: कोणत्या भट्टीवर अथवा क्रशरवर, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, मुकादम कोण, बरोबर कोण होतें. दहा वर्षांनीं दम लागूं लागतो, तेव्हां मुकादम बदललेला असतो, हजेरीचा कागद मिळत नाहीं, आणि कचेरींत पहिला प्रश्न हाच येतो कीं, तूं तेथें काम केलेंस याला पुरावा काय?