निवडुंग्या विठोबा, फड्याला मूळ फुटू दे

पांडुरंगा, नाना पेठेत तू निवडुंगात सापडलास म्हणतात. म्हणून नाव निवडुंग्या विठोबा, आणि तुकोबांची पालखी पुण्यात तुझ्याच दारी उतरते. तेव्हा निवडुंगाचं मागणं तुझ्याकडे नाही तर कुणाकडे मागू?

काल आण्णांना घेऊन इनामगावला जाऊन आलो. वैशाखातलं ऊन, शिरूर सोडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. आण्णांचा एकच ध्यास: बांधावरचा फड्या निवडुंग एकदा बघायचा. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या घरची दोन बैलं त्यावर जगली. पाती जाळावर धरायच्या, काटे चरचर जळायचे, मग विळ्यानं तुकडे करून पुढ्यात टाकायचे. हे काम आण्णांचं. हातांना आठवडा आठवडा कुसं टोचत राहायची.

देवा, आता तिथं ऊसच ऊस. पाणी आलं, घरं उभी राहिली; त्याबद्दल तुझे पाय धरतो. पण बांधाबांधाला तार आली आणि फड्या गेला. तासभर हिंडलो, तेव्हा घोड नदीकडच्या एका पडीक तुकड्यावर एकच जाळी दिसली. आण्णा गाडीतून उतरून नुसते उभे राहिले. मग एक बोंड काठीनं पाडलं, चपलेखाली दगडावर घोळून घोळून कुसं काढली, फोडलं. हनुवटीपर्यंत लालभडक रस. सत्तरीच्या माणसाचं तोंड मी दहा वर्षांच्या पोराचं झालेलं पाहिलं.

याच गावच्या पांढरीत डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वी इथं जव पिकवणारी माणसं होती. गेलेलं लेकरू दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यात ठेवायची आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायची, घराबाहेर धाडायची नाहीत. पुढं पाऊस हटत गेला, असं अभ्यासक सांगतात, इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास गाव उठलं. तेव्हा फड्या इथं नव्हता, तो फार नंतर समुद्रापलीकडून, अमेरिकेतून आला. परका आला आणि आमच्या बैलांच्या दावणीला उभा राहिला. आपली लेकरं भुईत ठेवून त्या आया कशा निघाल्या असतील, विठ्ठला? त्यांना जवळ घे.

आणि आमच्या वाटेला पुन्हा गाव उठणं आणू नकोस. विहिरीला पाणी राहू दे. ती एक जाळी जेसीबीच्या दातांतून वाचव. आण्णांच्या अंगठ्यात एक कूस रुतलंय, खोबरेल लावूनही निघेना. ते म्हणतात, राहू दे. तरी रात्री ठणकू देऊ नकोस.

एक पात वर्तमानपत्रात गुंडाळून आणलीय. कापलेली कड सावलीत सुकतेय. चार दिवसांनी गच्चीतल्या कुंडीत टेकवणार आहोत. तुकोबांची पालखी तुझ्या दारी येईतो या पातीला मूळ फुटू दे, देवा.