अहिराणीचा बाजार आणि पारोळ्याचा पोऱ्या

भाषिक गटाला ग्राहकगट ठरवायचे आणि त्याच्याच भाषेत त्याला माल विकायचा, हा धंदा अमेरिकेत सर्वांत जास्त रुजला तो हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषेशी मुळे असलेल्या) लोकांच्या बाबतीत. २०२० च्या जनगणनेत तिथे ६ कोटी २१ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के, हिस्पॅनिक म्हणून नोंदले गेले. त्यांच्यासाठी वेगळ्या वाहिन्या आहेत, वेगळ्या जाहिरातसंस्था आहेत आणि त्यांत आयुष्य काढणारा एक नोकरदार वर्गही आहे. खान्देशात अलीकडे हेच चित्र अहिराणीच्या नावाने रंगवले जाते. ‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणे यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले, तेव्हापासून करिअर मार्गदर्शनाच्या व्यासपीठांवर नवा पाठ ऐकू येतो: बोली हेच भांडवल आहे, पारोळ्याच्या पोऱ्याने पोलीस भरतीसाठी मैदानावर धावत बसण्यापेक्षा मोबाइल उचलावा आणि अहिराणीत व्हिडिओ टाकावेत. याच व्यासपीठांवरून एके काळी डी.एड. करा म्हणून सांगितले जात होते, मग इंजिनिअरिंग, मग फार्मसी. सल्ला बदलत राहतो; सल्ला देणाऱ्याचे मानधन मात्र कधी बुडत नाही.

दावा तपासायचा तर असा गट तयार कसा होतो हे आधी पाहावे लागते. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिना मोरा यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की ‘हिस्पॅनिक’ हा गट तीन हातांनी घडवला: जनगणना कार्यालय, हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते आणि स्पॅनिश दूरचित्रवाणीचे मालक. मेक्सिकोतून आलेला शेतमजूर, पोर्तो रिकोचा कारखाना-कामगार आणि फिडेल कॅस्ट्रोच्या राजवटीतून पळालेला क्यूबाचा व्यापारी हे एकमेकांना भाऊबंद मानत नव्हते. १९७० च्या गणनेत स्पॅनिश मूळ विचारणारा प्रश्न केवळ नमुन्यातल्या घरांना होता. १९८० मध्ये तो सगळ्या घरांना विचारला गेला. कार्यालयाला आकडा हवा होता, कार्यकर्त्यांना अनुदान हवे होते, वाहिन्यांना जाहिरातदारापुढे ठेवायला प्रेक्षकांची एकगठ्ठा संख्या हवी होती. तिघांची सोय एका नावात झाली.

खान्देशात यातला पहिला हात आहे, पण तो थरथरता. जनगणनेत ‘खान्देशी’ ही मराठीपासून वेगळी भाषा मोजली जाते आणि अहिराणी तिच्याखाली येते. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सन यांनी तर ब्रिटिशकालीन भाषा-सर्वेक्षणात खान्देशीला भिल्ल बोलींच्या खंडात बसवले होते. १९९१ मध्ये खान्देशी बोलणारे ९ लाख ७३ हजार निघाले, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत भाषिकांची संख्या दुप्पट होऊन पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी घटते, याचा जन्ममृत्यूशी संबंध असू शकत नाही. प्रगणकाने विचारल्यावर दाराशी उभ्या माणसाने ‘मराठी’ म्हणायचे की ‘अहिराणी’, यावर तो आकडा हलतो. बाजारपेठेचा पायाच असा लोकांच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर उभा आहे.

शिवाय खान्देश म्हणजे सगळा अहिराणी मुलूख, ही मुंबई-पुण्याची समजूत आहे. पारोळा, अमळनेर, धुळे, साक्री ही अहिराणीची गावे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात लेवा बोली चालते, आणि बहिणाबाईंची कविता त्या बोलीतली, तरी ती सर्रास अहिराणीच्या खात्यावर मांडली जाते. सातपुड्यात पावरा, तडवी, भिल्ल आहेत, गुजर आहेत. अमेरिकेत हा गुंता सर्वांत आधी कळला तो किराणा विकणाऱ्याला. स्पेनहून आलेल्या प्रुदेन्सियो उनानुए यांनी १९३६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सुरू केलेली गोया कंपनी क्यूबाच्या वस्तीत काळा घेवडा ठेवत आली आणि पोर्तो रिकोच्या वस्तीत गुलाबी. जाहिरातवाले सगळ्यांना एका नावात कोंबत असताना दुकानदार मात्र गल्लीनुसार पोते बदलत होता.

या विषयावर सर्वांत कामाची अभ्यासक कोणी असेल तर आर्लिन दाविला. मार्केटिंगची पाठ्यपुस्तके हिस्पॅनिक ग्राहक कसा आहे ते सांगतात. या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ते सांगणाऱ्यांचे पोट कशावर भरते हे पाहिले. त्यांचे ‘लॅटिनोज, इंक.’ २००१ मध्ये आले. १९५९ पूर्वी हवाना हे अमेरिकी कंपन्यांच्या जाहिरातींचे मोठे केंद्र होते. क्रांतीनंतर तिथली कसलेली मंडळी न्यू यॉर्कला आली. इंग्रजी संस्थांत त्यांना वरची खुर्ची मिळणे अवघड होते, म्हणून त्यांनी वेगळेपणाच विकायला काढला. जाहिरातदाराला सांगितले की हा ग्राहक निराळा आहे: कुटुंबवत्सल, धार्मिक, एकदा धरलेला ब्रँड न सोडणारा आणि स्पॅनिशशिवाय न वळणारा. त्याच्यापर्यंत पोचायचे तर आमच्यामार्फतच.

दाविलांचे खरे निरीक्षण इथून पुढे सुरू होते. एकदा ही प्रतिमा विकली की विकणाऱ्याला ती रोज जपावी लागते. ग्राहक इंग्रजी बोलू लागला, घटस्फोट घेऊ लागला, स्वस्त मिळेल तो साबण घेऊ लागला, तर संस्थेची गरजच संपते. त्यामुळे जाहिरातीतले कुटुंब तीन पिढ्यांचेच राहिले, चेहरे फार काळे नाहीत आणि फार गोरेही नाहीत असे निवडले गेले, आणि उच्चार असे घासून गुळगुळीत केले गेले की ते कोणत्याच गल्लीचे राहिले नाहीत. अमेरिकेतच जन्मलेल्या, दोन भाषा मिसळून बोलणाऱ्या मुलाला तर याच संस्थांत नोकरी मिळेना, कारण त्याचे स्पॅनिश पुरेसे शुद्ध नव्हते. ज्याच्या नावाने दुकान थाटले, त्यालाच गल्ल्यावर बसू दिले नाही. जे आत होते त्यांना आपल्या माणसांचे जाणकार म्हणून दार उघडून मिळाले खरे. पण सर्वसाधारण ग्राहकांसाठीच्या जाहिरातींचे काम त्यांच्या हाती क्वचितच आले. पुढे मोठ्या बहुराष्ट्रीय संस्थांनी या छोट्या संस्थांत हिस्सेदारी घेतली.

अहिराणी व्हिडिओंकडे या चष्म्यातून पाहिले की साम्य लपत नाही. बायकोला घाबरणारा नवरा, बाटलीवाला भाऊ, हळदीतला नाच, शहरात गोंधळलेला शेतकरी: चालणारे सोंग सापडले की तेच पुन्हा करावे लागते. पारोळ्यात अहिराणी बोलणारा वकीलही आहे, परिचारिकाही आहे आणि नीटची तयारी करणारी मुलगीही आहे. व्हिडिओत त्यांना जागा नाही. आणि कमाईचा हिशेब? यूट्यूबवर एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहणे झाले की जाहिरातींतला वाटा सुरू होतो. लांब व्हिडिओवर तो ५५ टक्के असतो. पण हे ५५ टक्के कशाचे, हे जाहिरातदारांमधला लिलाव ठरवतो, आणि लिलावात प्रेक्षकाच्या प्रेमाला बोली लागत नाही, त्याच्या खिशाला लागते. एरंडोलच्या प्रेक्षकापेक्षा अमेरिकेतल्या प्रेक्षकाला कैकपट भाव येतो. कोटी व्ह्यूज आणि कोटी रुपये यांत जे अंतर आहे, ते व्यासपीठावर कोणी सांगत नाही.

इथवरचा निष्कर्ष असा निघतो की बोलीवर करिअर उभारू नये. पण दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद ऐकला की या निष्कर्षाचे टोक बोथट होते. मुंबईतला जाहिरातवाला म्हणतो, खान्देशातल्या लोकांना मराठी कळतेच, मग अहिराणीत वेगळा खर्च कशाला? हा आळस आहे, आणि तो आकड्यांचे सोंग घेऊन येतो. भाषा कळणे वेगळे आणि विश्वास बसणे वेगळे. मुंबईची जाहिरात गणपती आणि गुढीपाडव्याला येते. खान्देशात लेक माहेरी येते ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटांच्या उत्सवाला गावोगावची, सुरतेची, कल्याणची माणसे घरी परततात आणि खरेदी करतात. ते दिवस जाहिरातीच्या दिनदर्शिकेत नाहीत.

हा ग्राहक आधी ओळखला तो राजकारणाने. पारोळ्यावरून जाणारा महामार्ग, जुना सहा आणि आताचा त्रेपन्न, पश्चिमेला थेट सुरतेकडे नेतो, आणि तिथल्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत कापडाच्या धंद्यात खान्देशी कुटुंबे पिढ्यानपिढ्या आहेत. लिंबायतमधून संगीता पाटील २०१२ पासून आमदार आहेत. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार, गुजरात भाजपचे अध्यक्ष आणि पुढे केंद्रीय मंत्री झाले. साबण विकणाऱ्याला जो गट दिसला नाही, तो मत मागणाऱ्याला दिसला. तेव्हा बाजार नाही हे म्हणणे टिकत नाही. अडचण भाषेत नाही. पैसे देणारा जाहिरातदार दूर बसलेला आहे आणि तो आपली वस्तू घ्यायला आलेलाच नाही, यात आहे.

जवळच्याच दोन व्यवसायांकडे पाहिले तर तिसरा मार्ग दिसतो. पारोळ्याशेजारच्या अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच आजची विप्रो. तिचे संस्थापक असलेले वडील गेल्यावर १९६६ मध्ये एकविशीतले अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून तिथे आले. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी सरकारी अधिकाऱ्याची नोकरी दारात असताना १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली आणि १९८० मध्ये पीव्हीसी पाइपचा कारखाना काढला. दोघांनीही खान्देशीपण विकले नाही. तूप आणि पाइप विकले. मात्र जैन यांना ठिबक सिंचनाची नळी शेतकऱ्याच्या गळी उतरवायची तर ती त्याच्याच बोलीत, त्याच्याच बांधावर समजावून सांगावी लागली. बोली तिथे मालाच्या पोटात होती, वेष्टनावर नव्हती.

म्हणून पारोळ्याच्या मुलाने करिअर निवडताना ‘अहिराणीला बाजार आहे का’ हे विचारू नये. आहे. बियाणे, औषधे, ठिबक, पीकविमा, बँकेचे कर्ज, रुग्णालयातला समुपदेशक, या सगळ्यांत अहिराणी बोलणारा माणूस बाहेरच्यापेक्षा सरस ठरतो, आणि धंदा बदलला तरी त्याचे कौशल्य वाया जात नाही. नुसता चॅनेल काढणाऱ्याची गोष्ट वेगळी: भाव ठरवणारा लिलाव त्याच्या हातात नाही आणि सोंग सोडले तर प्रेक्षक जातो. ज्याला चॅनेल काढायचाच आहे त्याने तो पोटापाण्याच्या कामाला जोडून काढावा आणि यूट्यूबच्या वाट्यावर न विसंबता स्थानिक जाहिरातदार स्वतः गाठावा. जळगावचा सराफ, धुळ्याचा ट्रॅक्टर विक्रेता, पारोळ्याचा बियाणे दुकानदार यांनीही फुकटात ‘आपल्या भाषेची सेवा’ मागणे बंद करावे. आखाजीच्या आणि कानबाईच्या जाहिरातीचा दर लेखी ठरवावा आणि पैसे आगाऊ द्यावेत.