शिडीला कोणी विचारले होते का?



इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाची सहा लग्ने आपण ऐकून आहोत. पहिली राणी कॅथरिन हयात असताना त्याने ॲन बोलीनशी लग्न केले आणि त्यातून इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून तुटली. पण आज राजापेक्षा त्याच्या दरबारातील मानकरी घराण्यांचा विचार करूया.

जमीन, पदवी, अधिकार हे सारे त्या काळी राजाच्या मर्जीवर होते. ती मर्जी मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे सोयरीक. ॲनचे वडील थॉमस बोलीन १५२९ मध्ये अर्ल झाले, तेव्हा राजाचे मन ॲनवर जडलेले होते. ॲनचे मामा थॉमस हॉवर्ड, नॉरफोकचे ड्यूक, यांची भाची १५३३ मध्ये राणी झाली. त्याच वर्षी त्यांची मुलगी राजाच्या अनौरस पुत्राला दिली गेली. वधू-वर दोघेही चौदा वर्षांच्या आसपासचे होते.

मर्जी फिरली तेव्हा काय झाले? मे १५३६ मध्ये ॲनवर खटला चालला. न्यायासनाच्या प्रमुखस्थानी तिचे मामाच होते आणि मृत्युदंड त्यांनीच सुनावला. १५४० मध्ये त्यांची पुतणी कॅथरिन हॉवर्ड राणी झाली. १५४२ मध्ये तिचाही शिरच्छेद झाला. त्याआधीच ड्यूकने राजाला पत्र लिहून आपल्या या दोन्ही लेकींपासून हात झटकले होते. पुढे त्यांच्याच मुलाला, अर्ल ऑफ सरेला, जानेवारी १५४७ मध्ये मृत्युदंड झाला. ड्यूक स्वतः वाचले, कारण त्याच महिन्यात राजाच मरण पावला.

याच घराण्यातील ॲनची बहीण मेरी विधवा होती. तिने १५३४ मध्ये विल्यम स्टॅफर्ड या साध्या शिपाईगड्याशी गुपचूप लग्न केले. राणीच्या बहिणीने असे करावे! तिला दरबारातून हाकलण्यात आले. घरच्यांनी पाठ फिरवली. पैशाची चणचण भासू लागली, तेव्हा तिने राजाचे मंत्री थॉमस क्रॉमवेल यांना पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. त्यात मदतीची याचना आहे, पण पश्चात्ताप नाही. दोन वर्षांनी बहीण-भाऊ वधस्तंभावर गेले. मेरी वाचली.

मग आईवडिलांनी स्थळ पाहणे हेच पाप आहे का? नाही. मुलांचे भले व्हावे म्हणून चार घरे पाहणे ही मायाच आहे. प्रश्न वेगळा आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. मुलीचे सुख आणि घराण्याची प्रतिष्ठा एकाच वाटेने चालत असतात, तोवर आपण तिच्यावर प्रेम करतो की तिचा वापर करतो हे कळत नाही. वाटा वेगळ्या झाल्या की कळते. शिडीचा उपयोग संपला की ती भिंतीला टेकून कोणी ठेवत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे ठाम आहे. विवाह घडतो तो वधू-वरांच्या संमतीने. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये गुप्त विवाहांना आळा घालून धर्मगुरू व साक्षीदारांची अट घातली. आईवडिलांची संमती नसेल तर विवाह अवैध ठरावा, अशी फ्रान्सच्या राजसत्तेची मागणी होती. परिषदेने ती मान्य केली नाही. दडपण आणि भयाखाली दिलेली संमती आजच्या धर्मकायद्यानुसारही विवाह घडवू शकत नाही.

म्हणूनच वेदीसमोर, वचने घेण्यापूर्वी, धर्मगुरू वधू-वरांना विचारतात की तुम्ही स्वखुशीने आला आहात ना. तो प्रश्न उपचार म्हणून ऐकू नका. त्या वेळी पहिल्या बाकावर बसलेल्या आईवडिलांनीही मनातल्या मनात एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: ती ‘नाही’ म्हणाली असती, तर आमच्या घराचे दार तिच्यासाठी उघडे राहिले असते का?